शिंकांचा मोसम: नाक धुण्यापासून गादीला ऊन देण्यापर्यंत

ॲलर्जीच्या नाकाला दोनच घरगुती उपाय मनापासून लागू पडतात. एक, कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. दुसरा, ज्याची ॲलर्जी आहे ते नाकापर्यंत कमीत कमी पोहोचू देणं. हळद-दूध, काढा, वाफ, मध यांचा नंबर त्यानंतर, आणि त्यातल्या काहींचा तर लागतच नाही. बहुतेक घरांत क्रम नेमका उलटा असतो. काढा दिवसातून तीनदा होतो, पण उशीचं अभ्रं महिनाभर तेच असतं.

आधी सर्दी की ॲलर्जी ते ठरवा

विषाणूची सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते. सुरुवातीला घसा धरतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते. ॲलर्जीत ताप नसतो. एकामागून एक पाच-सात-दहा शिंका येतात, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव गळतो आणि खाज सुटते: नाकाला, डोळ्यांना, टाळ्याला, कधी कानाच्या आत. खाज ही सगळ्यात भरवशाची खूण. मुलं तळहातानं नाक वर ढकलून चोळत राहतात आणि त्यानं नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ पडते. डोळ्यांखाली काळसर छटा येते. त्रास दोन आठवड्यांहून जास्त चालला, किंवा दरवर्षी त्याच महिन्यात उगवला, तर ॲलर्जी धरून चाला.

चार आठवडे एक साधी वही ठेवा. किती वाजता त्रास झाला, कुठे होतात, काय करत होतात, एवढंच लिहा. पहाटे अंथरुणातच शिंका सुरू होत असतील तर संशय गादी-उशीवर. सकाळी फिरायला गेल्यावर होत असतील तर परागकणांवर. माळ्यावरचं सामान काढताना, जुनी पुस्तकं चाळताना होत असतील तर धूळ आणि बुरशी. या वहीशिवाय पुढचे उपाय म्हणजे अंधारात दगड मारणं.

आपल्याकडचं वर्ष कसं फिरतं

जून ते सप्टेंबर हा बुरशीचा आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा काळ. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, माणसाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात आणि पाणी पीत नाहीत. हवेतला दमटपणा शोषून घेतात. म्हणून कोकण, मुंबई, गोवा हे त्यांचं नंदनवन. पाऊस ओसरला की सप्टेंबर ते नोव्हेंबर गवतांचे परागकण, गाजरगवत, बाजरी-सोयाबीनच्या मळणीची धूळ, आणि त्यावर दिवाळीची झाडलोट व फटाक्यांचा धूर. थंडी सरताना झाडांची पाळी येते. वावळ, विलायती बाभूळ, किनाऱ्यावरचं सुरूचं झाड ही त्यातली ठळक नावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुलमोहर, बहावा, जास्वंद अशी भडक फुलं निरुपद्रवी असतात, कारण त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात आणि ते कीटक-पक्षी वाहून नेतात. नाकाला छळतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी, ज्यांचं फूल कुणाच्या लक्षातही येत नाही अशी गवतं आणि झाडं. ऑक्टोबरात सप्तपर्णीच्या नावानं बोटं मोडली जातात. तिचा उग्र वास बऱ्याच जणांना सहन होत नाही हे खरं, पण तेव्हाच गवतही पूर्ण फुलोऱ्यावर असतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

नाक धुणं, म्हणजेच जलनेती

मिठाचं पाणी नाकातले परागकण, धूळ आणि घट्ट शेंबूड वाहून नेतं, आणि सुजलेल्या अस्तराला उतार पडतो. यात औषध नाही, निव्वळ धुणं आहे. म्हणूनच ते रोज करता येतं. पण पाणी आणि मिठाचं प्रमाण यांत तडजोड नको.

पाणी: नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी थेट वापरू नका. आरओ किंवा कॅन्डल फिल्टरचंही नाही. पोटात गेलं तर निरुपद्रवी ठरणारा एक अमिबा (नेग्लेरिया फाउलेरी) नाकावाटे मेंदूत शिरतो, आणि मग रुग्ण क्वचितच वाचतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळात अलीकडे तळ्या-विहिरींच्या पाण्यातून मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले आहेत. उपाय सोपा आहे. पाणी खळखळून उकळू लागलं की पुढे पूर्ण एक मिनिट उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. दोन हजार मीटरच्या वरच्या गावांत तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईचं शिखरही १,६४६ मीटरचं, त्यामुळे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं. उकळलेलं पाणी झाकून ठेवलं तर २४ तासांत संपवा.

मीठ: प्रमाण लिटरला ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरच्या मापाचा पाऊण चमचा बारीक मीठ, सपाट केलेला, शिगोशीग नाही. घरातले चहाचे चमचे निरनिराळ्या मापाचे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा चमचा वापरा, नाहीतर एकदा वजनकाट्यावर तोलून घ्या. जाड मीठ चमच्यानं मोजू नका, त्यात हवा जास्त आणि मीठ कमी बसतं. पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते. कपड्यांचा सोडा नव्हे. साधं आयोडीनचं मीठ बहुतेकांना चालतं. ज्यांना त्यानं चुरचुरतं त्यांनी औषधाच्या दुकानातल्या नाक धुण्याच्या तयार पुड्या आणाव्यात. सैंधव चालतं, पण त्यात माती-खडे निघतात, त्यामुळे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर ०.९ टक्क्यांची सलाइनची बंद बाटली सरळ वापरता येते. एकदा उघडली की उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

भांडं: स्टीलचं, चिनी मातीचं किंवा नाक धुण्याची पिळायची प्लास्टिक बाटली. तांब्याची नेतीपात्रं दिसायला देखणी, पण मिठाच्या पाण्यानं त्यांना हिरवा गंज चढतो.

कृती अशी:

१. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहा. गरम किंवा गार काहीच जाणवू नये इतकं कोमट हवं.
२. बेसिनवर कमरेतून वाका आणि मान एका बाजूला वळवा. एक नाकपुडी वर, दुसरी खाली. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत.
३. तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्या. या वेळी बोलणं, गिळणं, हसणं बंद.
४. नळी वरच्या नाकपुडीला नीट टेकवा आणि भांडं हळूहळू तिरकं करा. पाच-दहा सेकंदांत खालच्या नाकपुडीतून धार येईल. एका बाजूनं साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरमधलं पाव.
५. सरळ व्हा, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. मग दुसरी बाजू.
६. शेवटी खाली वाकून मान डावी-उजवीकडे वळवा, अर्धा मिनिट तसेच राहा आणि सायनसमध्ये अडकलेलं पाणी गळू द्या.

भांडं उकळलेल्या पाण्यानं खळबळून उलटं वाळत घाला. प्लास्टिकची बाटली दोन-तीन महिन्यांनी बदला.

काय बिघडतं आणि का? नाकात झणझणलं तर मीठ कमी पडलंय, साधं पाणी नाकाला सगळ्यात जास्त झोंबतं. मीठ जास्त झालं तरी चुरचुरतं, म्हणून अंदाज नको. पाणी घशात उतरलं तर डोकं मागे गेलंय, हनुवटी खाली घ्या. कान दडले तर तुम्ही एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलंत. त्या दाबानं पाणी कानाच्या नळीत जातं. तासाभरानं गप्पा मारताना किंवा खाली वाकल्यावर नाकातून अचानक पाणी ओघळलं तर सहावी पायरी गाळली गेली. धार पलीकडे येतच नसेल तर जोर करू नका. पाच मिनिटं वाफ घेऊन पुन्हा पाहा, आणि दोन-तीन दिवस तीच गत राहिली तर नाकाचा पडदा वाकडा आहे की मांस वाढलंय ते नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मोसमात दिवसातून एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर करणं सगळ्यात फायद्याचं, कारण दिवसभराचे परागकण झोपण्याआधी निघून जातात. त्रास फार असेल तेव्हा सकाळीही करा. लगेच थंड वाऱ्यात किंवा दुचाकीवर जाऊ नका, अर्धा तास थांबा. कानात दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नुकतीच नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर नेती नको. लहान मुलांसाठी सलाइनचे थेंब किंवा फवारा पुरे. पात्र घेऊन त्यांच्या मागे लागू नका.

झोपण्याची खोली

संपूर्ण घर धूळमुक्त करायला निघालात तर पहिल्याच आठवड्यात दमाल. एकच खोली धरा, जिथे तुम्ही सात-आठ तास नाक उशीत खुपसून पडता ती.

चादर, अभ्रं, दुलईचं कव्हर दर आठवड्याला ५५ ते ६० अंश गरम पाण्यात धुवा. थंड पाण्यानं किडे मरत नाहीत, फक्त ओले होतात. गोधडी-वाकळ वारंवार धुणं शक्य नसतं, म्हणून ऋतूच्या सुरुवातीला एकदा नीट धुऊन वर सुती खोळ घाला आणि पुढे खोळच धुवा. गादी-उशीला चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर मिळतं. खर्चिक आहे, पण या यादीत खर्च करायचाच असेल तर इथे करा. मुलांची मऊ खेळणी गरम पाण्यात धुता येत नसतील तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा.

कापसाच्या गादीला कडक ऊन देणं ही आजीच्या काळातली रीत शंभर टक्के योग्य आहे. ऊन आणि कोरडेपणा दोन्ही किड्यांना मारतात. चार-पाच तास, मध्ये एकदा उलटवून. पण एवढ्यावर काम संपत नाही. ॲलर्जी मुख्यतः किड्यांच्या विष्ठेची असते आणि ती मेलेल्या किड्यांबरोबर गादीतच राहते. म्हणून ऊन दिल्यावर गादी बाहेरच झोडपून काढा किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. हे काम ॲलर्जी असलेल्यानं करू नये.

केरसुणीनं कोरडं झाडलं की बारीक धूळ हवेत उडते आणि तासभर तरंगत राहते. ओल्या फडक्यानं पुसा. पंख्याची पाती दर पंधरवड्याला, एसीची जाळीही तितक्याच दिवसांनी. दिवाळीआधी माळा काढायचा असेल तर एन-९५ मास्क, ओलं फडकं, उघडी खिडकी, आणि ज्याला त्रास होतो त्यानं त्या दिवशी दुसऱ्याच कामाला जावं. कापडी रुमाल बांधून माळ्यावर चढण्याला काही अर्थ नाही.

पावसाळ्यात खोलीची आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली आली तर किडे तगत नाहीत. कोकणात नुसत्या पंख्यानं हे जमत नाही, एसीचा ड्राय मोड दोन-तीन तास चालवावा लागतो. जे जमतं ते असं: ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाक आणि अंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवा. भिंतीला बुरशी आली तर ती कोरडी खरवडू नका. साबणाच्या पाण्यानं ओली करून पुसा, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून वाळू द्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. नाहीतर पुढच्या पावसात तोच डाग तिथेच.

बाहेर: गवत आणि गाजरगवत

कोरड्या, वाऱ्याच्या सकाळी हवेत गवताचे परागकण भरपूर असतात. मोठ्या पावसानंतर हवा धुतली जाते, तेव्हा फिरायला जा. मोसमात धावणं मोकळ्या माळरानाऐवजी वस्तीतल्या रस्त्यावर हलवा. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली, डोळ्यांना मोठा चष्मा. बाहेरून आल्यावर कपडे बदला, झोपण्याआधी केस धुवा किंवा निदान ओल्या टॉवेलनं पुसा. तेल लावलेले केस परागकण चांगलेच धरून ठेवतात. चादरी या दिवसांत गच्चीवर वाळत घालू नका.

गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणतात, ते पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं. आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. त्याचे परागकण नाकाला आणि रस त्वचेला, असा दुहेरी त्रास. सोसायटीच्या मोकळ्या जागेत ते उगवलं असेल तर पांढरी फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच. नुसतं कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. फुलं आलेली झाडं खतात टाकू नका, कारण एका झाडावर हजारो बिया असतात. जाळूही नका, धुरानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डोळे चुरचुरतील. उपटून झालं की कपडे वेगळे धुवा. ज्याच्या अंगाला पुरळ येतं त्यानं या कामाच्या जवळही जाऊ नये.

नाकपुडीच्या आतल्या कडेला बोटानं साजूक तुपाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ थर लावला तर काही परागकण तिथेच अडकतात. बाहेर पडण्याआधी लावा, आल्यावर पुसून टाका. थेंब थेंब तेल नाकात सोडणं वेगळं. वर्षानुवर्षं रोज केल्यास तेल फुप्फुसात उतरून तिथे सूज येऊ शकते. वैद्यांनी नस्य सांगितलं असेल तर प्रमाण आणि दिवस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मुलांच्या नाकात तेल नकोच.

डोळे

थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल पाच ते दहा मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर. खाजेवर याच्याइतकं झटपट काही नाही. चोळलं की खाज वाढते, आणि वर्षानुवर्षं चोळल्यानं बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. मुलांच्या बाबतीत हे मनावर घ्या. गुलाबपाणी, मध, बाळंतिणीचं दूध, तूप यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. बाजारचं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं.

स्वयंपाकघरातले उपाय, त्यांच्या जागी

वाफ ॲलर्जी घालवत नाही, अर्धा तास नाक मोकळं करते. भांड्यापासून तोंड हातभर लांब, पाच मिनिटं, पाण्यात काहीही न टाकता. मुलांना पातेल्याची वाफ देऊ नका, पाणी सांडून भाजण्याचा धोका खरा आहे. त्यांना अंघोळीच्या वेळी बाथरूममधली वाफ पुरते.

काढा: दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, पाच-सहा तुळशीची पानं, गवती चहाचं एक पान. सात-आठ मिनिटं उकळा, गाळा, पिण्याजोगा झाल्यावर मध. घसा शेकतो, बरं वाटतं, दिवसाला एक कप ठीक. त्यात मिरे, लवंग, दालचिनी, सुंठ कोंबून तीनदा प्यायलं की पित्त उसळतं. आणि घशाशी येणारं पित्त खोकला आणि घशात साचल्याची भावना देतं. मग त्याच्यावर आणखी काढा. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतो, म्हणून बीपीच्या रुग्णांनी टाळावा. अडुळसा कफावर काम करतो, शिंका-खाजेवर नाही, आणि गरोदरपणी तो नको.

हळद-दुधाला पाव चमचा हळद भरपूर झाली. रोजच्या जेवणातली हळद उत्तम, पण हळदीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या घेऊ नयेत. गावच्या मधानं ॲलर्जी जाते हे ऐकायला छान. पण मधमाशी गोळा करते ते फुलांचे पराग, आणि नाकाला छळतात ते वाऱ्यावरचे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

दही, केळं, आंबट बंद करायची प्रथा आहे. परागकणांच्या किंवा धुळीच्या ॲलर्जीचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि मुलाचं दही उगाच तुटतं. एखादं कच्चं फळ खाल्ल्यावर ओठ-टाळा खाजत असेल तर तेवढंच टाळा.

धुरी मात्र बंदच करा. ओवा-वेखंड-धुपाची धुरी, अगरबत्ती, डासांची कॉइल या सगळ्यांच्या धुरानं सुजलेलं नाक आणखी सुजतं. बाळाच्या खोलीत तर नकोच. कापराची पुरचुंडीही लहान मुलांपासून लांब ठेवा, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नाकात लसूण, कांद्याचा रस, लिंबू, मोहरीचं तेल घालून येणारं पाणी म्हणजे जळजळीमुळे गळणारं पाणी. त्यानं नाक साफ होत नाही.

औषध कधी

घरचे उपाय दोन-तीन आठवडे नीट करूनही झोप, शाळा, काम बिघडत असेल तर डॉक्टरांकडे जा. नाकातला स्टेरॉइडचा फवारा या आजारावर सगळ्यात परिणामकारक औषधांपैकी एक. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत सोडून देऊ नका. नेती आधी, फवारा दहा-पंधरा मिनिटांनी, आणि नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेनं. पडद्यावर मारलं की रक्त येतं. नाक झटकन मोकळं करणारे थेंब (ऑक्सिमेटॅझोलिन, झायलोमेटॅझोलिन) तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक आणखीच चोंदतं आणि सवय लागते. एका दिवसात सगळं बंद करणारी, बिनलेबलची पुडी कुणी दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

छातीत सुंई-सुंई आवाज, रात्री खोकल्यानं जाग, चालताना दम लागणं ही दम्याची लक्षणं आहेत, त्यांत थांबायचं नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल तर ती ॲलर्जी नाही. लहान मुलाच्या बाबतीत आधी नाकात शेंगदाणा, मणी, बटणाएवढी बॅटरी अडकलीय का ते पाहायला हवं. बॅटरीचा संशय आला तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा.